मागणं बाजूला ठेवून प्रार्थना कशी करायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रार्थना म्हटलं की बहुतेकांच्या ओठांवर पहिला शब्द येतो तो 'दे'. बुद्धी दे, आरोग्य दे, यातून एकदाचं सोडव. त्यात वावगं काहीच नाही, अडचणीतला माणूस हाक मारणारच. पण प्रार्थनेची आणखी एक रीत आहे, जिच्यात मागणं जवळजवळ नसतंच. आपल्याला जे हवं आहे त्याचं मूळ आधीपासूनच आपल्या आत आणि भोवती आहे असं मानायचं, आणि त्याला मनापासून होकार द्यायचा. हिला सकारात्मक प्रार्थना म्हणतात.

ही रीत शिकायला सोपी आहे, टिकवायला अवघड. नवीन माणूस चार चांगली वाक्यं पाठ करतो, रोज म्हणतो आणि काही दिवसांनी कंटाळून सोडून देतो. माझ्या मते यामागे एकच कारण असतं: वाक्यं चालू असतात, पण देणं आणि घेणं बंद असतं. 'सर्व काही भरपूर आहे' असं सकाळी म्हणायचं आणि दिवसभर मूठ आवळून वावरायचं, किंवा कुणी प्रेमाने काही पुढे केलं की मागे सरकायचं, असं चाललं तर मन त्या वाक्यांवर विश्वास ठेवत नाही. म्हणून या लेखात प्रार्थनेइतकीच जागा देण्याघेण्याला दिली आहे.

थोडी पार्श्वभूमी

या पद्धतीला आजचं रूप मिळालं ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत. मेन राज्यातले फिनिअस क्विम्बी (1802–1866) हे मूळचे घड्याळजी. माणसाच्या समजुतींचा त्याच्या आजारपणाशी संबंध असतो, हा विचार त्यांनी मांडला. पुढे याच विचारधारेतल्या शिक्षिका एमा कर्टिस हॉपकिन्स यांनी शिकवलेल्या अनेकांनी आपापल्या संस्था उभ्या केल्या. त्यांतलंच एक जोडपं म्हणजे कॅन्सस सिटीचे चार्ल्स आणि मर्टल फिलमोर. मर्टल यांना क्षयाचा त्रास होता. 1886 मध्ये ऐकलेल्या एका व्याख्यानातून त्यांच्या मनात एक वाक्य रुजलं: मी परमेश्वराचं लेकरू आहे, म्हणून आजार हा माझा वारसा नाही. त्या हे वाक्य धरून राहिल्या आणि हळूहळू बऱ्या झाल्या, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. 1889 मध्ये या दोघांनी मासिक सुरू केलं आणि त्यातून 'युनिटी' ही चळवळ वाढली. 1890 मध्ये त्यांनी वाचकांना आवाहन केलं की रोज रात्री दहा वाजता, जिथे असाल तिथे, थोडा वेळ शांत बसा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. त्याचंच पुढे 'सायलेंट युनिटी' झालं. प्रार्थनेची विनंती करणाऱ्याकडून तिथे शुल्क घेत नाहीत, ज्याला द्यावंसं वाटेल तो देतो.

दुसरी मोठी वाट अमेरिकेतलेच लेखक अर्नेस्ट होम्स यांची. 1926 मध्ये त्यांनी आपली मांडणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे दिलेल्या पाच पायऱ्या त्यांच्याच परंपरेत रूढ झाल्या. त्या आचरायला अमुक धर्माचं असावं लागत नाही. 'परमेश्वर' हा शब्द जवळचा वाटत असेल तर तो वापरा. नाहीतर चैतन्य म्हणा, जीवनशक्ती म्हणा, नुसतं 'प्रेम' म्हणा. शब्द असा हवा की तो उच्चारताना तुमचे खांदे सैल पडतील.

बसण्याआधी

रोजची एक वेळ ठरवा. दहा मिनिटं पुरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वही-पेन जवळ असू द्या, कारण सुरुवातीला प्रार्थना लिहून काढणं फार उपयोगी पडतं. डोक्यात सगळं गोलगोल फिरतं, कागदावर मात्र वाक्य कुठे लंगडतं ते लगेच दिसतं.

मग मनातली खरी गोष्ट एका ओळीत, जशी आहे तशी लिहा. 'भावाशी बोलणं बंद आहे.' 'झोप लागत नाही.' 'पुढच्या महिन्याचा खर्च कसा भागेल कळत नाही.' ही ओळ टाळू नका. या पद्धतीचा सर्वांत मोठा गैरसमज हाच, की त्रासाचं नावच काढायचं नाही. नाव घ्या, एकदाच घ्या, आणि मग प्रार्थनेकडे वळा.

पाच पायऱ्या

पहिली पायरी ओळखण्याची. ज्या शक्तीवर तुमचा विश्वास आहे तिचं वर्णन करायचं: ती सगळीकडे आहे, ती शहाणी आहे, ती प्रेमळ आहे. इथे स्वतःबद्दल अजून एक शब्दही नको.

दुसरी जोडण्याची. ती शक्ती दूर कुठे बसलेली नाही, मी तिचाच अंश आहे. पुष्कळांना इथे अवघडल्यासारखं होतं, 'मी कोण लागून गेलो' असं वाटतं. वाटू द्या. ज्या गुणाबद्दल शंका नाही तिथून सुरुवात करा. तुम्हाला कुणाबद्दल तरी माया वाटते ना? ती माया कुठून आली, हे स्वतःला विचारलंत की जोडणं जमतं.

तिसरी पायरी घोषणेची, आणि खरी मेहनत इथेच आहे. हवी असलेली गोष्ट वर्तमानकाळात, होकारार्थी वाक्यात म्हणायची. चौथी आभाराची. पाचवी सोडून देण्याची.

चौथ्या पायरीबद्दल एक सांगायला हवं. फळ दिसण्याआधीच आभार मानणं नवख्याला खोटं वाटतं. पण ही कल्पना या परंपरेने उगाच काढलेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, लाजरस अजून कबरीतच आहे आणि येशू आधी आभार मानतो: तू माझं ऐकलंस. मार्कच्या शुभवर्तमानातही अकराव्या अध्यायातच सांगितलं आहे की प्रार्थनेत जे मागाल ते मिळालं आहे असा विश्वास धरा. सकारात्मक प्रार्थना शिकवणारे या दोन जागांकडे पुन्हा पुन्हा येतात. पुढच्या फळाचे आभार तोंडातून निघत नसतील, तर आज हाताशी जे आहे त्याचे माना. तेवढ्यानेही सूर लागतो.

एक प्रार्थना घडवून पाहू

समजा, एका गृहस्थाचं कंत्राटी काम संपलं आहे आणि पुढचं काही ठरलेलं नाही. वहीत त्यांनी पहिल्या झटक्यात लिहिलं:

'मला पैशाची काळजी नाही. माझ्याकडे अफाट पैसा आहे. सगळं उत्तम चाललं आहे.'

हे चालणार नाही. पहिल्या वाक्याचा सगळा भार 'काळजी' या शब्दावर आहे, म्हणून म्हणताना मनात काळजीच येते. दुसरं वाक्य बँकेचं पासबुक खोटं पाडतं. तिसऱ्याला तर काही अर्थच नाही. 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर, ज्यांच्या मनात आधीच स्वतःबद्दल कमीपणा होता त्यांना बरं वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटलं. मन न पटलेल्या वाक्याशी वाद घालतं आणि त्या वादात जिंकतं. म्हणून घोषणा अशी हवी की ती आज, या क्षणी, प्रामाणिकपणे म्हणता येईल.

तीच प्रार्थना पुन्हा लिहिली ती अशी:

'जीवनाचा स्रोत एकच आहे, आणि तो कोणत्याही एका नोकरीत किंवा एका माणसात संपत नाही.

मी त्याच स्रोताचा आहे. माझ्या हातातलं कसब, माझी समज आणि माझी उमेद तिथूनच आली आहे.

या कसबाची कुणाला तरी गरज आहे. आज उचलायचं पाऊल मला दिसतं आणि मी ते उचलतो. गरजेपुरतं माझ्यापर्यंत येतं, आणि माझ्याकडून पुढेही जातं.

आजवर जे जे वेळेला मिळालं त्याबद्दल आभार. जे वाटेत आहे त्याबद्दलही आभार.

हे आता मी सोडून देतो. तथास्तु.'

फरक बघा. इथे एकही आकडा नाही, अमक्या तारखेला अमुक कंपनीचं बोलावणं येईल असं काही नाही. तरी प्रार्थना मोघम नाही, कारण 'आज उचलायचं पाऊल' या शब्दांनी ती कामाला जुंपली जाते. आणि तिसऱ्या परिच्छेदातले शेवटचे तीन शब्द वगळू नका: 'माझ्याकडून पुढेही जातं'. नुसतं 'माझ्यापर्यंत येतं' एवढ्यावर थांबलात तर प्रार्थना पुन्हा मागणंच होऊन बसते.

आता हळू आवाजात वाचा. एखाद्या वाक्याला घसा अडला, आत 'छे' असं उमटलं, तर ते वाक्य एक पायरी खाली आणा. 'मी त्याला क्षमा केली आहे' हे जमत नसेल तर 'त्याला क्षमा करण्याची माझी तयारी होते आहे' म्हणा. तेही जड जात असेल तर 'हा राग कायमचा वाहायची मला सक्ती नाही' हे सुद्धा खरं आणि पुरेसं आहे.

सोडून देणं म्हणजे नेमकं काय करायचं

वही बंद करायची, उठायचं आणि त्या विषयातलं एक छोटं काम करायचं. वरच्या गृहस्थांनी एका जुन्या सहकाऱ्याला फोन करायचा. झोप न लागणाऱ्याने डॉक्टरांची वेळ घ्यायची. दिवसात पुन्हा तीच चिंता डोकावली तर अख्खी प्रार्थना नव्याने म्हणत बसू नका, नाहीतर ती चिंतेचंच दुसरं नाव होते. एकच वाक्य मनात म्हणा आणि हातातल्या कामाकडे परत या.

देणं

फिलमोर दांपत्याने 7 डिसेंबर 1892 रोजी एक करारपत्र लिहून त्यावर सह्या केल्या. आपला वेळ, पैसा, आपल्याकडे आहे ते आणि पुढे मिळेल ते सगळं त्यांनी सत्याच्या सेवेला वाहिलं. त्याच्या बदल्यात मनःशांती, आरोग्य, शहाणपण, प्रेम आणि गरजेपुरता भरपूर पुरवठा मिळेल अशी अपेक्षाही त्यांनी त्यातच नोंदवली. मात्र या गोष्टींना आपल्या जगण्याचा उद्देश बनवायचं नाही, हेही तिथेच लिहिलं. मला हा कागद फार मोलाचा वाटतो. देण्याची भाषा बोलणारे पुष्कळदा घेण्याबद्दल लाजतात, आणि मिळवण्याची भाषा बोलणारे देणं विसरतात. इथे दोन्ही गोष्टी एकाच पानावर, आडपडदा न ठेवता आल्या आहेत.

या परंपरेत बरेच जण दशमांश देतात, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. ती प्रथा बायबलच्या जुन्या करारातून आलेली आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कर्ज काढून, घरच्यांच्या गरजा मारून किंवा औषधांचे पैसे वळवून दिलेलं दान हे देणं नव्हे, ती भीतीच असते. 'इतकं द्या म्हणजे दुप्पट होऊन परत येईल' असं कुणी सांगू लागलं तर तिथून सरळ उठा.

सुरुवात अशा गोष्टीपासून करा जी दिल्यावर हात अखडत नाही. कुणाचं बोलणं मध्ये न तोडता पूर्ण ऐकणं. येत असलेली एखादी गोष्ट शिकवणं. बरा असलेला, पण वापरात नसलेला कोट देऊन टाकणं. थोडे पैसे, पण ठरवून आणि नियमित. देताना मनात एक वाक्य असू द्या: हे माझ्यातून पुढे जात आहे. आणि दिल्यावर मागे वळून पाहू नका. त्याने आभार मानले का, त्याचं त्याने काय केलं, परत कधी येणार, असे प्रश्न मनात घुटमळत असतील तर तो सौदा होता एवढं ओळखा आणि पुढच्या वेळी कमी द्या. मोकळेपणाने दिलेलं थोडं हिशेब ठेवून दिलेल्या पुष्कळापेक्षा बरं.

एक सराव मला विशेष आवडतो. विजेचं बिल भरताना क्षणभर थांबायचं. महिनाभर दिवे लागले, पंखा फिरला, फोन चार्ज झाला. हे सगळं आधीच मिळून गेलं आहे, पैसे मागून जात आहेत. कपाळाला आठी घालून भरण्याऐवजी 'मिळालं, आणि मी देत आहे' असं म्हणून भरा. खर्चाची भीती ज्यांना सतत पोखरते त्यांना याचा फार उपयोग होतो, कारण बिल तर दर महिन्याला येतंच आणि सराव आपोआप घडतो.

घेणं

खरी अडचण इथे आहे. देणारा मोठा दिसतो, घेणारा लहान, ही समजूत इतकी खोल मुरलेली असते की चांगली, कष्टाळू, सगळ्यांसाठी धावणारी माणसं घ्यायची वेळ आली की दार लावून घेतात.

आपलंच बोलणं ऐका. कुणी म्हणतं, 'आज फार छान गायलात.' आपण: 'छे हो, कसलं काय, घसा बसला होता.' आजारपणात मैत्रीण म्हणते, 'रात्री मी थांबते दवाखान्यात.' आपण: 'कशाला उगाच, आम्ही बघतो काहीतरी.' दोन्ही वेळा समोरचा काहीतरी घेऊन आला होता आणि त्याला ते तसंच परत न्यावं लागलं. देण्याचा आनंद त्यालाही हवा होता. तो आपण नाकारला, आणि वर त्याला नम्रता म्हटलं.

म्हणून पहिला सराव: कौतुक झालं की 'धन्यवाद, ऐकून बरं वाटलं' एवढंच बोला आणि थांबा. लगेच परत कौतुक करू नका. ते दोन-तीन क्षण अवघड जातात, अंगाला काहीतरी टोचल्यासारखं होतं. तिथेच थांबायला शिका.

दुसरा: मदत पुढे आली की 'हो, फार बरं होईल' म्हणा. परतफेडीची घाई नको. आज घेतलेलं उद्याच फेडून टाकायचं, हा हिशेब चुकता करण्याचा मार्ग झाला, त्यात प्रवाह थांबतो. घेतलेलं त्याच माणसाकडे परत जायला हवं असं नाही, ते तिसऱ्याच कुणाकडे जाऊ शकतं.

तिसरा जरा कठीण: स्वतःहून मागा. हो, माणसांकडे मागा. प्रार्थनेत मागणं बाजूला ठेवलं म्हणून व्यवहारातही गप्प बसायचं असा अर्थ नाही. 'मला हे एकट्याने जमत नाही, थोडं थांबशील का?' हे वाक्य उच्चारता येणं ही या मार्गावरची मोठी प्रगती आहे.

सावध कुठे राहायचं? दिलेल्याच्या मोबदल्यात कुणी तुमचं मत, तुमचं शरीर किंवा तुमचं मौन मागत असेल तर ते नाकारा. घ्यायला शिकणं म्हणजे कुणाच्याही ओझ्याखाली जाणं नव्हे.

दुसऱ्यासाठी प्रार्थना

शक्य असेल तर आधी विचारा: 'तुझ्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का?' मग त्या माणसाला नीट करायला जाऊ नका. त्याच्यातही तेच चैतन्य पूर्णपणे आहे, एवढंच पाहा. 'तो दारू सोडतो' असं लिहिण्याऐवजी 'त्याच्यातलं शहाणपण जागं आहे आणि ते त्याला वाट दाखवतं' असं लिहा. निकाल तुमच्या मनासारखा लावून मागणं ही सूक्ष्म जबरदस्तीच असते.

आणि मर्यादा स्वच्छ ठेवा. 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे 1,802 रुग्ण त्यात होते आणि प्रार्थना करणाऱ्या गटांमध्ये सायलेंट युनिटीही होतं. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी 51 टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना नक्की होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के होतं. हे आकडे वाचून मी प्रार्थना सोडली नाही, पण तिच्याकडून काय मागू नये ते मला त्यातून नेमकं कळलं. औषधं चालू ठेवा, तपासण्या करा, मन फारच खचलं असेल तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि कुणी बरं झालं नाही तर 'विश्वास कमी पडला' असं चुकूनही म्हणू नका. त्या वाक्याने आजारी माणसावर दुसरा घाव बसतो.

ज्या दिवशी काहीच म्हणवत नाही

असे दिवस येतात. माणूस गेलेला असतो, किंवा नुसतंच सगळं कोरडं पडलेलं असतं. त्या दिवशी घोषणा करायची गरज नाही. रडा, रागवा, 'दे' म्हणून हाक मारा, चालतं. किंवा शांत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्यासाठी दोन वाक्यं म्हणायला सांगा. घेण्याचा सराव केलेला असेल तर हे सांगणं जमतं.

वहीत काय ठेवायचं

रोज तीन छोट्या नोंदी पुरेत: आज काय म्हटलं, आज काय दिलं, आज काय घेतलं. तिसऱ्या रकान्यात बहुतेकांना सुरुवातीला काहीच सुचत नाही. तिथे लहान गोष्टीही लिहा: कुणी दार धरून ठेवलं, कुणी बसायला जागा दिली, एका अनोळखी माणसाने रस्ता नीट समजावून सांगितला. आठवडा संपला की पानं उलटून पाहा. एखादा रकाना सतत ओस दिसला तर पुढच्या आठवड्यात प्रार्थनेची तिसरी पायरी त्याच्याबद्दलच लिहा. आणि एखादं वाक्य तोंडाला इतकं सरावलं की म्हणताना मन भलतीकडेच असतं, तर ते खोडून त्याच अर्थाचं नवीन वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायला घ्या.